गरजेपुरती जपानी

आदिलाबादेत भाषा शिकायची म्हणून कुणी शिकत नाही. ती अंगवळणी पडते. घरात मराठी, सरकारी कचेरीत तेलुगू, गाडी दुरुस्तीला टाकली की दखनी, टीव्हीसमोर हिंदी आणि इंद्रवेल्ली-उटनूरकडे बाजार करणाऱ्यांच्या तोंडी थोडीफार गोंडी. आरटीसीच्या बसवरची पाटी तेलुगूत असते. ती वाचता न येणारी म्हातारी माणसंही बिनचूक आपल्याच बसमध्ये चढतात. अक्षरं येत नाहीत, पण ‘जैनथ’चा आकार वेगळा आणि ‘बोथ’चा वेगळा, एवढं डोळ्यांना ठाऊक असतं. पैनगंगेपलीकडची एसटी दिसली की मात्र सगळे एकदम साक्षर होतात.

आमचे वडील इंद्रवेल्लीच्या सोमवारच्या बाजारात भांडी विकत. त्यांची गोंडी भांड्यांच्या मापाची होती. पातेल्याचा भाव, झाकणाचे वेगळे पैसे, कल्हई करून मिळेल का, ‘पुढच्या सोमवारी या’ हे सगळं ते फडाफडा बोलत. बोलणं लग्नकार्यावर किंवा आजारपणावर गेलं की मराठीवर येत. समोरचा गोंड माणूसही निमूट मराठीवर येई, कारण त्याला मराठी येत होतीच. आमच्यापेक्षा एखादी भाषा जास्तच येत होती. आपल्याला किती भाषा येतात हे वडिलांनी कधी मोजलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, ‘मराठी. बाकी धंद्यापुरतं.’

मी मात्र बेल्याकडच्या मराठी शाळेत मास्तरकी केली. भाषा पुस्तकातून शिकवता येते यावर माझं पोट चाललं, त्यामुळे त्यावर विश्वासही बसला. त्या विश्वासाला धक्का दिला भाचीने. नर्सिंग करून बसलेली ही पोरगी एके दिवशी म्हणाली, जपानला जाते. तिकडे म्हाताऱ्यांची संख्या फार, त्यांची सेवा करणारे हात थोडे. कुशल कामगारांबाबत भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये करार झाला, आणि तेलंगण सरकारची टॉमकॉम ही परदेशी नोकऱ्यांसाठीची कंपनी नर्सिंगवाल्या मुलामुलींना भाषा शिकवून तिकडे पाठवते. हैदराबादचा वर्ग सुरू व्हायला अवकाश होता. तोवर घरी बसून जमेल तेवढं शिकायचं ठरलं.

“मामा, तुमीबी बसा ना माझ्यासंगं,” ती म्हणाली. “एकटीच बोलून राहिले तर आई म्हणते, पोरगी कामातून गेली.”

पोरगी एकटी कामातून जाऊ नये म्हणून मीही बसलो.

पहिला तक्ता उघडला आणि मास्तर म्हणून जीव थंडावला. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हिरागाना ही लिपी अशी आपल्या वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असते, आणि हा योगायोग नव्हे. जपानी बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी अभ्यासली, तिच्याबरोबर हा क्रम तिकडे रुजला. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ मध्ये जपानात पोचला होता आणि नारा इथल्या महाबुद्धाचे नेत्र उघडण्याचा विधी ७५२ मध्ये त्याच्या हातून झाला. एवढ्या लांब गेलेली वर्णमाला थोडी झिजली आहे, इतकंच. ‘च’च्या जागी ‘स’ बसलाय. ख, घ, भ वाटेतच कुठेतरी उतरले. ‘ग’ हवा असेल तर ‘क’च्या खांद्यावर दोन बारीक रेघा मारायच्या. ‘ह’ला तशाच रेघा मारल्या की ‘ब’, आणि बारीकसं वर्तुळ काढलं की ‘प’. सगळी मिळून ४६ मूळ अक्षरं. ती जरा हातात बसतात तोच कळतं की त्याच आवाजांसाठी काताकाना नावाची आणखी एक लिपी आहे, बाहेरून आलेल्या शब्दांसाठी राखलेली. एकाच आवाजाला दोन-दोन लिप्या कशाला, असं पुण्याचा विद्यार्थी नक्की विचारत असेल. आदिलाबादकर विचारत नाही. त्याच्या गावाचं नाव गावातल्याच पाट्यांवर तेलुगू, उर्दू, इंग्रजी आणि मधूनच देवनागरी असं लिहिलेलं तो लहानपणापासून बघतो.

व्याकरणातही आमची सोय झालेली होती. इंग्रजीतून जपानी शिकवणारी पुस्तकं ‘क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं’ ही बातमी वाचकाला धीर देत देत सांगतात. आमच्याकडे ते मराठीत शेवटी, तेलुगूत शेवटी, गोंडीत शेवटी, उर्दूतही शेवटीच. भाचीने ते पान वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “मग काय झालं?” पान उलटलं.

खरी अडचण साधनांची होती; ती कमी होती म्हणून नव्हे. फोन उघडला की जपानी शिकवायला जो तो तयार. ॲप, पुस्तकं, कार्डं, कोश, धडे, व्हिडिओ. यांतली निम्मी फुकट, आणि फुकट म्हटलं की आपला हात आखडत नाही. साधनं जमवण्यात एक सूक्ष्म सुख असतं: शिकल्याचं समाधान मिळतं आणि शिकावं लागत नाही. भाचीच्या फोनमधली जागा भरली, तेव्हा निवड करणं भाग पडलं. कोणतं ठेवायचं आणि कोणतं काढायचं यासाठी मी एक कसोटी लावली. इंद्रवेल्लीच्या बाजारात वडिलांना गोंडी कुणी शिकवली होती? एक नव्हे, चार-पाच तऱ्हेच्या माणसांनी. त्यातलं कोणतं माणूस आपल्याला कमी आहे ते बघायचं आणि त्याच्या बदली जे साधन काम करील तेवढं ठेवायचं.

बाजारातला पहिला गुरू म्हणजे उधारी लिहिणारा दुकानदार. तुम्ही विसरता, तो विसरत नाही. हे काम अंकी करतं. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये आणलेलं हे कार्डांचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट मिळतं. आयफोनवाल्यांना पैसे पडतात, पण आमच्या गल्लीत तो प्रश्न उद्भवत नाही. शब्द आला, तर तो काही दिवसांनी विचारतो. पुन्हा आला, तर आणखी लांबवतो. नाही आला, तर लगेच पुन्हा समोर. चार दिवस बहिणीकडे लग्नाला गेलात की परत आल्यावर थकबाकी तुंबलेली दिसते. तिच्यावर सूट नाही, तडजोड नाही. जिथे माणूस मुळात स्वतःचीच फसवणूक करतो, तिथे असा निर्दय हिशेबनीस लागतोच.

डोरेमॉनवर वाढलेल्या पोरांना याहून सोपी युक्ती माहीत आहे. तो निळा यांत्रिक बोका भारतात हिंदी बोलतो, त्यामुळे तो जपानी आहे हे आमच्याकडच्या कित्येक पोरांच्या गावीही नाही. त्याच्या पोतडीत पाठांतराचा पाव असतो. पुस्तकाच्या पानावर दाबला की मजकूर पावावर उमटतो आणि पाव खाल्ला की पाठ होतो. त्याचा दोस्त नोबिता परीक्षेच्या भीतीने भरमसाट पाव खातो, पोट बिघडतं आणि सगळा अभ्यास निचरून जातो. शिक्षणशास्त्राच्या पदविकेला आम्हाला जे समजावता समजावता प्राध्यापक दमले, ते एवढ्या गोष्टीत आलं.

भाची फोन सोडत नसे, म्हणून मी कागदावर उतरलो. सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७२ च्या आपल्या जर्मन पुस्तकात कार्डांची हीच युक्ती खणांच्या पेटीने सांगितली आहे: आलेलं कार्ड पुढच्या खणात, चुकलेलं मागे पहिल्या खणात. मी मिठाईचा खोका घेतला, पुठ्ठ्याने खण पाडले आणि घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली. पत्रिकेचा कागद जाड असतो, शाई फुटत नाही, मागची बाजू कोरी असते. अडचण एकच. मागे ‘पाऊस’ची कांजी, म्हणजे चिनीतून आलेलं अर्थाचं अक्षर, घोटावी आणि उलटून बघावं तर पुढे ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’. ‘डोंगर’च्या मागे अर्धा गणपती. ‘घोडा’च्या मागे नवरदेवाचं नाव आलं तेव्हा बहिणीने कात्री काढून घेतली.

कांजींचं प्रकरण वेगळंच आहे. जपान सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीत २,१३६ कांजी आहेत. त्यातल्या १,०२६ पोरं प्राथमिक शाळेतच शिकतात. सुरुवात फसवी असते. एक म्हणजे एक आडवी रेघ. दोन म्हणजे दोन रेघा. तीन म्हणजे तीन. गणिताच्या चौकटीच्या वहीत मी तीन ओळी ऐटीत भरल्या. चारला चार रेघा असतील या भरवशावर पान उलटलं तर तिथे एक चौकोन, आणि त्याच्या आत पडदा बाजूला सारल्यासारख्या दोन वळणदार रेघा. शिवाय कोणती रेघ आधी, कोणती नंतर, याचेही नियम: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, चौकटीचं दार सर्वांत शेवटी बंद. चौकटीच्या वहीला पर्याय नाही, आणि ती आदिलाबादच्या कुठल्याही स्टेशनरीत मिळते. माझ्या यादीतलं हे एकच साधन जपानी शिकवतो असा दावा करत नाही.

बाजारातला दुसरा गुरू म्हणजे पारावर बसलेला जाणता म्हातारा. काहीही विचारा, सांगणारच. त्याची जागा कोशाने घेतली. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये कॉम्प्युटरवर चालणारा जपानी-इंग्रजी कोश सुरू केला आणि तो सगळ्यांना मोकळा ठेवला. जिशोसारखे आजचे बहुतेक फुकट कोश त्याच्याच जोरावर उभे आहेत. नाव मोठमोठ्या कंपन्यांचं होतं. पारावर बसलेले असतात ते एकटे ब्रीनसाहेब.

तिसरी व्यक्ती म्हणजे आत्या. ‘आलास का गाडग्या, दोन दिवस कुठं होतास?’ असं विचारणारी. हे काम ड्युओलिंगोचं हिरवं घुबड करतं. मराठी घरात दारावर घुबड बसलं तर लोक उंबऱ्यावर मीठमिरची ओवाळतात. इथे आपणच ते फोनमध्ये आणून बसवतो आणि संध्याकाळी त्याने रागावू नये म्हणून जेवण टाकून दोन वाक्यं जुळवतो. भाचीने त्याला ठेवलं, मी काढलं. मला सख्ख्या आत्या होत्या.

चौथा गुरू अर्थात मास्तर. याबाबतीत माझं मत पक्षपाती आहे. ‘मिन्ना नो निहोंगो’ हे जगभर वापरलं जाणारं पाठ्यपुस्तक अथपासून इतिपर्यंत जपानीतच आहे. अर्थ आणि व्याकरण समजून घ्यायला सोबतचं दुसरं पुस्तक घ्यावं लागतं. यात मिलर नावाचा एक अमेरिकन गृहस्थ नोकरी करतो. त्याच्याइतका सज्जन माणूस मी पाहिलेला नाही. तो वेळेवर उठतो, सगळ्यांची चौकशी करतो, कुणाला उणं बोलत नाही. काही दिवसांत भाची आणि मीही घरात तसंच बोलू लागलो, तेव्हा बहिणीला खरी काळजी वाटली. ज्याला पैसे मोडायचे नसतील त्याच्यासाठी जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ आहे. २०२० पासून त्याची पुस्तकं आणि आवाजाच्या फाइली कुणालाही उतरवून घेता येतात. जपानात जाऊन राहणाऱ्या, राबणाऱ्या माणसासाठी ते लिहिलंय, म्हणून त्यात कामाची जागा, बाजारहाट, दवाखाना आहे. भाचीला याचा खरा उपयोग झाला. मिलरला दवाखान्यात रात्रपाळी कधी करावी लागली नव्हती.

आकाशवाणी ऐकत वाढलेल्यांसाठी एनएचके या जपानी प्रसारण संस्थेने ४८ छोट्या धड्यांचा अभ्यासक्रम काढला, तो हिंदीत आहे आणि उर्दूतही आहे. आमच्या गावाला हे फार मानवलं. आणि पाचवं माणूस म्हणजे बाजारातलं पोर, ज्याला काही कळत नाही पण जे सगळ्यांच्यात लुडबुडतं. त्याच्यासाठी ‘तादोकू’ नावाची पद्धत आहे. सोप्यात सोप्या चित्रांच्या गोष्टी भरपूर वाचायच्या, कोश उघडायचा नाही, अडलं तर उडी मारायची, कंटाळा आला तर पुस्तक टाकून दुसरं घ्यायचं. अशी सचित्र पुस्तकं फुकट मिळतात. आयुष्यभर पोरांना ‘अडलेला शब्द अधोरेखित करा’ सांगणाऱ्या माझ्यासारख्याला हे नियम वाचून घाम फुटला, पण आमची म्हातारी माणसं बसच्या पाट्या याच पद्धतीने वाचतात हे मान्य करावं लागलं.

एवढी सगळी फौज उभी केली, तरी बाजारातलं एक माणूस काही केल्या सापडेना. गिऱ्हाईक. ज्याला आपल्याकडून काहीतरी हवं आहे आणि जे उत्तरासाठी उभं आहे. अंकीला माझ्या उत्तराची पर्वा नाही, मिलर माझ्यासाठी थांबत नाही, घुबडाला फक्त हजेरी हवी. परीक्षेलाही गिऱ्हाईक लागत नाही. जेएलपीटी ही जगन्मान्य परीक्षा १९८४ पासून होते. २०१० पासून तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत. जुलै किंवा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जायचं, वाचायचं, ऐकायचं आणि योग्य पर्यायाचा गोल काळा करायचा. तोंड उघडायचं काम नाही. जन्मात एक वाक्य न बोलता माणूस सर्वांत वरची पायरी गाठू शकतो. वडिलांचं नेमकं उलटं होतं. एकही गोल काळा न करता त्यांनी भांडी विकली.

पुण्यात गिऱ्हाईक मिळतं. तिथे जपानी कंपन्या, वर्ग, शिक्षकांची संघटना, शिवाय ओकायामा शहराशी जमलेल्या मैत्रीची जपानी बाग. तिला ‘पूर्वरंग’मध्ये जपान लिहिणाऱ्या पु. ल. देशपांड्यांचं नाव दिलंय. जपानी शिकून तिकडे स्थायिक झालेले योगेंद्र पुराणिक तर २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा प्रभागाच्या सभागृहात निवडून आले. परक्या भाषेत मतं मागायची म्हणजे गरजेची कमालच; तिथे कार्डांचा खोका काय कामाचा?

आमच्याच जिल्ह्यात याच्या उलटं एक उदाहरण आहे. नारनूर मंडळातल्या गुंजाळा गावात गोंडीची एक स्वतंत्र लिपी सापडली. जुन्या हस्तलिखितांत ती होती. काही हस्तलिखितं १७५० च्या सुमाराची मानतात. ती वाचणारी गावात मोजकी म्हातारी माणसं उरली होती. माणसं होती, साधन काहीच नव्हतं. त्याआधी १९४० च्या दशकात मारलवाईला राहून गोंडांसाठी शाळा उभ्या करणारे ऑस्ट्रियन अभ्यासक हायमेनडॉर्फ यांनी गोंडी वाचनमाला देवनागरीत छापून घेतल्या होत्या. गुंजाळाची ही लिपी मात्र त्या म्हाताऱ्यांच्या बोटांत राहिली. मग तिच्या वाचनमाला झाल्या, टंक झाला आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली. आता ती फोनवरही उमटते. जपानीसाठी आमच्याकडे सगळी साधनं होती आणि माणूस नव्हता. गुंजाळात माणसं होती, साधन नंतर आलं. दोन्ही बाबतींत अर्ध्या गाडीला दुसरं अर्धं जोडावं लागलं. फरक एवढाच की साधन मागवता येतं, माणूस मागवता येत नाही.

भाची हैदराबादच्या वर्गाला गेली, पुढे जपानला पोचली. पहिल्या फोनवर मी मिलरच्या थाटात तब्येतीची चौकशी केली. ती हसायलाच लागली.

“मामा, असं कोणी बोलत नाही इथं. पण माझं बरं चाललंय. इथल्या आज्या एकच गोष्ट दिवसभर विचारतात. जेवण झालं का, गाडी आली का. अन् दर वेळी उत्तर द्या लागते. अंकी कशाला पायजे?”

आज्यांना उत्तर हवं होतं, म्हणून भाचीची जपानी झपाट्याने वाढली. त्याच हिशेबाने दुसरीही एक गोष्ट घडली. खोलीत सोबतिणी करीमनगर आणि जगित्यालच्या. स्वयंपाक, भांडण, रडणं, सगळं तेलुगूत. जपानला जाऊन पोरीची तेलुगू सुधारली. बहिणीला यात गैर काहीच वाटलं नाही. उलट पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

माझं काय, हा प्रश्न भाचीनेच सोडवला. घरून काय पाठवायचं याची यादी ती आता मला जपानीत पाठवते. आमच्या जिनसांना जपानी नावं कुठून असणार? म्हणून ती वर्णन करते. पहिल्या यादीत एक ओळ होती: लाल, फार झणझणीत, आईने केलेलं. मी मिठाईचा खोका समोर घेऊन बसलो. लाल आहे, झणझणीत आहे, आईने केलेलं आहे. हे तिखटही असू शकतं, ठेचाही आणि कैरीचं लोणचंही. पार्सलचे पैसे मोजायचे होते, बहीण डबा भरायला उभी होती, आणि कुठल्याही धड्यात नसलेलं एक वाक्य मला आपल्या आपण जुळवावं लागलं: ओलं की कोरडं?

रात्री उत्तर आलं. कोरडं. दुसऱ्या दिवशी तिखट गेलं. पुढच्या यादीत पापड आहेत, आणि पापडांत ज्वारीचे, उडदाचे, साबुदाण्याचे, नुसते लाटलेले, मसाल्याचे असे किती प्रकार असतात हे ब्रीनसाहेबांच्या कोशात काही नाही. प्रश्न मलाच तयार करावे लागणार.